पाणी चढलं, माश्या चढेनात

मावशीला ‘का’ विचारायची खोड होती आणि ती अठ्ठावन्नाव्या वर्षीही गेली नव्हती. साखरेला मुंग्या लागतात, मग मिठाला का नाही, असं तिने शाळेत विचारलं तेव्हा बाईंनी तिला बाकावर उभं केलं होतं. लग्नानंतर नवऱ्याला तिने इतकं जेरीस आणलं की तो म्हणायचा, “मी लग्न केलं की तोंडी परीक्षेला बसलो, तेच कळत नाही.” तो गेला त्याला दोन वर्षं झाली. मागे राहिल्या चाळीस मधपेट्या, त्या वाहून न्यायची ट्रॉली आणि डाव्या पायाचा निकामी गुडघा. म्हणजे गुडघा मावशीचा स्वतःचा, नवऱ्याने ठेवलेला नव्हे. पण ती तिन्ही गोष्टी एका दमात सांगायची, म्हणून मीही तशाच सांगितल्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, क्लच दाबायचा नाही. मग ट्रॉली ओढणारी जुनी पिकअप गेली आणि ऑटोमॅटिक आली. पहिले पंधरा दिवस मावशीचा डावा पाय नसलेला क्लच शोधत राहिला. नंतर तोही निवांत बसायला शिकला.

गाडी पटली नाही ती भाऊजींना. भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. त्यांच्याही पेट्या होत्या. ही विद्या ते मोठ्या भावाच्या हाताखालीच शिकले, आणि दादाने जे जसं केलं ते तसंच करायचं हा त्यांचा कायदा होता. “वहिनी,” ते म्हणाले, “गिअर आपल्या हातात नाही, ती गाडी कसली? तो झोपाळा झाला. सपाटीवर झुला हवं तेवढं. घाटात काय करणार?”

घाट हाच खरा प्रश्न होता. माश्यांचं असं असतं, की खालच्या बागांचा बहर संपला की त्यांना खायला काही उरत नाही. त्याच सुमाराला वर पठारावर रानफुलं उघडतात, ती जेमतेम महिनाभर. खालून वर जायला एकच रस्ता, बारा वळणांचा आणि छातीवर येणारा. वर गेल्या तर माश्या जगल्या, मधही झाला. खाली राहिल्या तर उपाशी.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला पेट्यांची दारं बंद करायची आणि पहाटे भरायला घ्यायच्या, अशी रीत होती. दीड टनाची भरती, म्हणजे नाकापेक्षा मोती जडच. भाऊजी मदतीला आले, पेट्या चढवल्या, दोर आवळले, वरून कापड टाकलं, पुढे जाळी बांधली, आणि “सांभाळून” म्हणून हात वर केला.

पहिल्या तीन वळणांवर काही झालं नाही. चौथ्याला गाडीचं चित्त थाऱ्यावर राहीना. ती तिसऱ्या गिअरमध्ये जायची, दम लागला की दुसऱ्यात यायची, जरा बरं वाटलं की पुन्हा तिसऱ्यात. मावशी वैतागून पाय दाबायची, मग गाडी आणखी गोंधळायची. तिसऱ्याची हाव सुटत नाही आणि दुसऱ्यावर भागत नाही, असं तिचं चाललं होतं. पाचव्या वळणाला समोर काट्यांशेजारी लाल दिवा लागला. मावशीने रुंद जागा बघून गाडी वळवली आणि मुकाट्याने घरी आणली.

भाऊजींनी दोर सोडले आणि पेट्या उतरवायला घेतल्या. त्यांनी ‘झोपाळा’ म्हटलं नाही, हेच मावशीला जास्त लागलं.

त्याच दिवशी ती गिअरबॉक्सच्या मिस्त्रीकडे गेली. पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान. टेबलावर दोन गिअरबॉक्स पोट फाडून ठेवलेले, जमिनीवर तेलाचे ट्रे. मिस्त्री असा माणूस, की दिवसाला दहा शब्द बोलायचा आणि त्यातले चार ‘उद्या या’ असायचे. त्याने गाडी बघितली, तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि म्हणाला, “तापलंय. बदलतो. उद्या या.”

“तापलं का?”

“चढ. ओझं.”

“चढ आणि ओझं पूर्वीही होतं. जुनी गाडी नाही तापली. हीच का?”

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ही बाई उत्तर घेतल्याशिवाय स्टुलावरून उठायची नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो शेजारच्या दुकानात गेला आणि टेबलफॅन उसना घेऊन आला. स्वतःचा फॅन त्याच्यासमोर ठेवला, तोंडाला तोंड. आपला चालू केला. उसना फॅन बंदच होता, त्याची वायरही लावलेली नव्हती. पण वाऱ्याने त्याची पाती हळूहळू फिरायला लागली.

“हा इंजिनाचा,” मिस्त्री म्हणाला. “हा चाकांचा. मध्ये वारा आहे ना, तिथे तेल समजा. तुमच्या गाडीत क्लचच्या जागी हे आहे.”

मावशी एवढ्या जवळ वाकली की तिचा चष्मा पात्यांना लागायचा बाकी राहिला. कोपऱ्यातली काठी उचलून तिने उसन्या फॅनची पाती अडवली. ती थांबली. पहिला फॅन मात्र फिरतच होता.

“हा चढ झाला,” ती म्हणाली. “इंजिन फिरतंय, चाक अडलंय. मग या पहिल्याची मेहनत जाते कुठे?”

आता मिस्त्री हसला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुठल्याही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. “तेलात जाते. तेल तापतं. चढावर वरच्या गिअरमध्ये रेंगाळली की चाक आणखी मागे पडतं, तेल आणखी घुसळलं जातं. आणि ही खालीवर करत बसली की तेवढं आणखी.”

त्या एका दुपारी तो वर्षभराचं बोलला. हा दांडा इथे आणला की गाडी दुसऱ्याच्या वर जात नाही. चढ सुरू व्हायच्या आधीच आणायचा, मध्यावर नव्हे. इंजिन ओरडेल, ओरडू द्यायचं. “चढ आला की तिला विचार करू देऊ नका. विचार तुम्ही करायचा.” आणि त्याने समोर एक छोटा काटा बसवून दिला, तेलाची उष्णता दाखवणारा. शंभरापर्यंत ठीक. एकशे वीसला सावध. एकशे तीसला बाजूला घ्यायची, न्यूट्रल करायची आणि इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे तेल फिरून फिरून निवतं.

मावशी घरी आली ती उड्या मारत. मारता आल्या असत्या तर मारल्याच असत्या.

चार दिवसांनी पुन्हा तीच तिन्हीसांज, तीच पहाट, तीच भरती. भाऊजी आले, सगळं आवळून बांधून दिलं. मावशीने घाटाच्या पायथ्याला दांडा दुसऱ्यावर आणला. इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी एका लयीत चढू लागली. गोंधळ नाही, हाव नाही. मावशीला इतका आनंद झाला की तिने काट्याकडे उशिराच पाहिलं.

शंभर. सहाव्या वळणाला एकशे दहा. सातव्याला एकशे वीस. इंजिनाच्या उष्णतेचा काटा जेमतेम हलला होता, पण तेलाचा चढतच होता. आठव्याला एकशे तीस झाले तेव्हा तिने गाडी बाजूला घेतली. तेल निवायला अर्धा तास लागला. निघाली, तर दोनशे पावलांत पुन्हा एकशे तीस. असं तीनदा झालं. तोवर ऊन वर आलं. त्या वळणावर झाडाचं पानही नव्हतं. पेट्यांची दारं बंद, आत माश्या पंख मारमारून वारा घालत होत्या, तो आवाज तिला कापडाबाहेर ऐकू येत होता. तिने जवळचं सगळं पाणी पेट्यांवर शिंपडलं. मग भाऊजींना फोन केला.

भाऊजी येईपर्यंत तीन पेट्यांचा आवाज थांबला होता. आतलं मेण वितळून पोळी कोसळली होती आणि पेटीच्या बुडातून मध ठिबकत होता. माश्या त्या मधातच बुडाल्या होत्या. मावशी ट्रॉलीच्या कडेला बसली आणि मोठ्याने रडली. येणारी-जाणारी माणसं गाडी हळू करून बघत होती, तिला त्याचं काही वाटलं नाही.

पेट्या खाली आल्यावर भाऊजी म्हणाले, “वहिनी, आता बास. पेट्या माझ्याकडे राहू देत. माझी गाडी चढते. दोन्ही घरच्या पेट्या एकदमच न्यायच्या, माझ्याच जागेत ठेवायच्या. तुम्ही या, बघा, मध काढायला या. नाही कोण म्हणतंय?”

ते प्रेमाने बोलत होते आणि म्हणूनच उत्तर देणं अवघड होतं. बघायला या! पाहुण्यासारखं! सकाळी उठलं की चपला घालून पेट्यांकडे जायचं, झाकण उचलायचं, आज काय चाललंय ते बघायचं, एवढ्यावर तर मावशीची दोन वर्षं निघाली होती. ते गेलं तर उठायचं कशासाठी, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

“आणि आणखी मेल्या तर?”

“तर पेट्या तुमच्या.”

 “एकदाच,” भाऊजी म्हणाले. “अर्ध्यात थांबलात तर तिथूनच माझ्या जागेत. मग वाद नाही.”

मिस्त्रीला हे सगळं कळलं तेव्हा त्याला आपलाच अपमान झाल्यासारखं वाटलं. गिअरबॉक्स त्याने स्वतः तपासलेला होता. “पाणी भरा,” तो म्हणाला. “तेवढ्याच वजनाचं.”

मग ट्रॉलीवर पाण्याची पिंपं चढली, मोजून दीड टन. दोघं निघाले, तेही भर दुपारी, मुद्दाम. मावशीच्या हातात गाडी, मिस्त्रीचे डोळे काट्यावर. पाचवं वळण, नव्वद. आठवं, पंच्याण्णव. बारावं वळण गेलं, पठार आलं, आणि काटा अठ्ठ्याण्णववर बसून होता.

दोघंही गाडीतून उतरले.

“पाणी चढतं आणि माश्या चढत नाहीत,” मावशी म्हणाली. “का?”

“माश्या उडत असतील आत,” मिस्त्री म्हणाला. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच विनोद असावा, त्यामुळे तो तसा बेताचाच होता.

वजन तेच. रस्ता तोच, पाय तोच, गिअर तोच. ऊन तर आजच जास्त. पेट्यांची चळत पिंपांपेक्षा उंच होती, वारा अडला असेल का? पण एवढ्या सावकाश जाणाऱ्या गाडीला वारा कितीसा अडवणार? मावशीला अस्वस्थ वाटत होतं आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. तीन पेट्या गेल्याचं दुःख तसंच होतं, पण त्याच्या शेजारी एक प्रश्न येऊन बसला होता आणि प्रश्नाशी तिचं फार जुनं सख्य होतं.

खाली दुकानात आल्यावर ती मिस्त्रीला म्हणाली, “मी पेट्या भरते तशी भरून दाखवते. तुम्ही नुसतं बघा. कुठे काय वेगळं होतं ते दिसेल.” आणि रिकाम्या ट्रॉलीजवळ उभी राहून ती हवेतल्या पेट्या भरायला लागली. शेजारचा फॅनवाला दुकानदार दारात येऊन बघायला लागला. बाईचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं असेल तर त्यात त्याची चूक नाही.

“दारं बंद. पेटी उचलली. खालची रांग, वरची रांग. दोर. वर ओलं कापड. मग पुढे जाळी—”

“पुढे कुठे?”

“गाडीच्या नाकावर. काही माश्या बाहेरच राहतात हो. घर निघालं की त्या गाडीभोवती फिरतात आणि पुढून आत ओढल्या जाऊन मरतात. म्हणून ह्यांनी सुरू केलं ते. सगळी पेटीवाली माणसं करतात असं नाही, आमच्यातच आहे ही पद्धत.”

मिस्त्री उठला. गाडीच्या पुढे जाऊन उकिडवा बसला आणि लोखंडी पट्ट्यांतून आत बोट दाखवलं. तिथे रेडिएटरच्या पुढे बारीक नळ्यांची एक चौकट होती.

“गिअरबॉक्सचं तेल निवायला इथे येतं,” तो म्हणाला. “जुन्या गाडीला हे नव्हतंच. कुठे आहे ती जाळी?”

जाळी ट्रॉलीच्या पेटाऱ्यात होती. मिस्त्रीने ती उलगडून उजेडात धरली. दुहेरी होती, काठांना शिवलेली, आणि इतक्या वर्षांचं मेण आणि धूळ बसून तिची निम्मी भोकं बुजली होती. त्याने ती तोंडासमोर धरून फुंकर मारली. पलीकडे मावशीने हात धरला होता. तिच्या हाताला काहीच लागलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच. गिअरबॉक्स बिचारा फुकट बदनाम झाला होता. तरी मावशीचं समाधान होईना. “नुसतं पटून काय उपयोग? करून बघू.” दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंपं भरली, या वेळी जाळी बांधून. सातव्या वळणाला काटा एकशे वीसवर गेला. मावशीने तिथेच थांबून जाळी सोडली, तेल निवू दिलं आणि उरलेला चढ चढली. काटा शंभराच्या वर गेला नाही. मिस्त्री म्हणाला, “बस,” आणि मावशीलाही तसंच वाटलं.

ठरलेल्या पहाटे भाऊजी आले. सदतीस पेट्या चढल्या, दोर आवळले गेले, कापड ओलं झालं. भाऊजी सवयीने पेटाऱ्याकडे गेले आणि जाळी घेऊन पुढे आले.

“आज नको, भाऊजी,” मावशी म्हणाली.

“नको म्हणजे?”

“आज जाळी नको.”

“दादाने एवढ्या वर्षांत एकदाही जाळीशिवाय पेटी हलवली नाही.” भाऊजींचा आवाज चढला. “बाहेरच्या माश्या मरतील त्यांचं काय? आधीच तीन पेट्या गेल्यात.”

सांगायला हवं होतं, हे मावशीला कळत होतं. पण त्या तीन पेट्या का गेल्या हे त्या माणसाला त्याच्या हातात ती जाळी असताना सांगायचं, तेही त्याने नुकत्याच सदतीस पेट्या उचलून दिल्यावर, हे तिच्याच्याने होईना. आणि मनात कुठेतरी भीतीही होती. पाण्याने खरं ठरलं ते माश्यांनी खोटं ठरवलं तर? ती एवढंच म्हणाली, “वर गेल्यावर बोलू.”

भाऊजींनी जाळी तिथेच टाकली आणि स्वतःच्या गाडीत बसून पुढे निघून गेले.

मावशी एकटीच चढली. आठव्या वळणावर, जिथे तीन पेट्या गेल्या होत्या, तिथे तिचे हात घामाने ओले झाले. काटा शहाण्णव. दहाव्याला अठ्ठ्याण्णव. अकराव्याला शंभर झाला आणि तिने श्वास धरून ठेवला, जणू श्वास घेतला तर तो चढेल. बाराव्यावरही शंभरच होता. मग चढ संपला. समोर पठार, खांद्यापर्यंत फुललेलं.

भाऊजी तिथे उभे होते. पेट्या ठेवायच्या जागा त्यांनी दगड लावून सारख्या करून ठेवल्या होत्या, त्यांच्या नाही, मावशीच्या जागेत.  ते सरळ गाडीच्या पुढे गेले, वाकले आणि म्हणाले, “बघा.”

पट्ट्यांच्या मागे, त्या नळ्यांच्या चौकटीवर, माश्या चिकटल्या होत्या. मावशीने ब्रश आणला आणि एकेक काढून तळहातावर घेतली. त्रेचाळीस होत्या.

“दादा असता तर हे झालं नसतं,” भाऊजी म्हणाले.

आज वारा गार होता, नशिबाने चढली, असं म्हणून तिला सोडवून घेता आलं असतं. पेट्या तिच्याकडे राहिल्याच होत्या. पण तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि ह्या माणसाशी तर मुळीच बोलायचं नव्हतं. ती त्याच्या शेजारी, दुखऱ्या गुडघ्यानिशी, जमिनीवर बसली. गिअरबॉक्सचं तेल कुठे निवतं, जुन्या गाडीला का चालत होतं, पिंपांनी काय दाखवलं, सगळं सांगितलं. भाऊजी ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी हात पुढे करून त्या चौकटीवर तळवा ठेवला.

“म्हणजे त्या तीन माझ्या हाताने गेल्या.”

“बांधली तुम्ही, भाऊजी. बांधून घेतली मी. शिकवली ह्यांनी. आपल्या तिघांच्याही हाताने गेल्या.”

“तसं नाही, वहिनी.” भाऊजी म्हणाले. “दादा जाळी एकेरी बांधायचा. दुहेरी मी केली, यंदा. बसून शिवली. म्हटलं, आता वहिनी एकट्या आहेत, त्यांची एकही माशी वाया जायला नको.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.  मावशीने तळहातावरच्या माश्या गवतात ठेवल्या आणि भाऊजींच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

“चला,” ती म्हणाली. “ऊन चढतंय. दारं उघडायची आहेत.”

दोघांनी पेट्या उतरवल्या आणि रांगेने दगडांवर ठेवल्या. मग एका टोकापासून भाऊजी दारं उघडत आले, दुसऱ्या टोकापासून मावशी. माश्या दारात येऊन घुटमळायच्या, नव्या जागेकडे तोंड करून जरा तरंगायच्या आणि मग फुलांकडे निघायच्या. सदतीस पेट्या असल्यामुळे मधली एक दोघांच्या बरोबर मध्ये आली. भाऊजींनी हात पुढे केला होता. त्यांनी तो मागे घेतला, आणि ती मावशीने उघडली.